सेमीफायनल आणि सालेकशाच्या पत्रावळी

गोंदियाला मी दोनदा गेले. पहिल्यांदा गेले तेव्हा आमच्या पोरींचा चेंडूला पायसुद्धा लागला नाही, म्हणून दुसऱ्यांदा जावं लागलं. लोक लांब जातात ते नवस फेडायला. मी गेले ते राहिलेलं भांडण पुरं करायला.

आमच्या कोल्हापुरात फुटबॉलचं वेड पेठेपेठेत आहे, पण मुलींचा संघ म्हटलं की तालमीच्या कट्ट्यावर हसू फुटतं. आमचा संघ उभा राहिला तो माझी भाची तेजू आणि तिच्या मैत्रिणींच्या हट्टावर. चालतो तो माझ्या जिवावर. मी लग्नाकार्याची जेवणं करून देते. सातवीत शाळा सुटली, एका स्टोव्हवर पोळ्या लाटायला लागले, आज हजार पानांची पंगत एकटी उठवते. फुटबॉलमधलं मला फार कळत नाही. पण भाव कसा करायचा, गाडीत जागा कशी धरायची आणि समोरचा आपल्याला कुठं फसवतोय, हे कळतं. संघाच्या मॅनेजरला तेवढं पुरतं.

गोंदियात डिसेंबरात मुलींची नॉकआउट कप स्पर्धा भरते. आठ संघ, हरला तो घरी. संघ बहुतेक विदर्भातले, बाहेरचा एखादा बोलावतात. गेल्या वर्षी आम्हांला बोलावणं आलं. गाडीला उशीर झाला. पोरींनी स्टेशनापासून मैदानापर्यंत रिक्षातच बूट घातले, तरी पोचायला अठरा मिनिटं जास्त झाली. नियम पंधरा मिनिटांचा. समोर संघ होता सालेकशाचा. त्यांचे उईके गुरुजी, डोक्याला मफलर आणि हातात घड्याळ, मधल्या रेषेवर उभे होते. तीन मिनिटांसाठी मी तासभर भांडले. गुरुजींनी हात जोडले, "नियम आहे जी" एवढंच म्हणाले आणि विजय खिशात घालून पोरींसह निघून गेले. महाराष्ट्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन आम्ही आलो तसे परत.

खरा त्रास घरी आल्यावर झाला. जो भेटेल तो विचारायचा, "काय झालं?" जिंकलो म्हणता येईना, हरलोही म्हणता येईना. कट्ट्यावरच्या टवाळांनी संघाला 'दर्शन मंडळ' असं नाव ठेवलं. गोंदियाचं दर्शन घेऊन आल्या म्हणून. वर्षभर मी ते ऐकलं आणि मनाशी एकच ठरवलं, की या उईके गुरुजींना त्याच रेषेवर उभं करून तीच शिट्टी ऐकवायची.

गोंदिया आणि बिरसी

यंदा दोन दिवस आधीची गाडी धरली. प्रवासाचं वर्णन करत नाही. आमच्याकडून निघालेली गाडी गोंदियातच संपते, त्यामुळं झोप लागली तरी उतरायचं चुकत नाही, एवढं सांगितलं की पुरे.

गोंदिया स्टेशनाबाहेर पडलं की मराठी एकदम पातळ होते. चहावाला हिंदीत, फळवाला हिंदीत, पोलीसही हिंदीत. माझं हिंदी कोल्हापुरी आहे, पण भाव करायला मी कुठल्याच भाषेत लाजत नाही.

"बिरसी का कितना लेंगा?" मी रिक्षावाल्याला विचारलं. त्यानं आकडा सांगितला.

"इतना कायको? हमको क्या नवा समझा?"

तो माझ्याकडं निरखून बघत हसायला लागला. "नए कहाँ हो मैडम? आप तो पिछले साल वाली हो ना? आपकी लड़कियाँ मेरी ही रिक्शा में जूते पहन रही थीं."

मी इतकी खजील झाले की पुढचा भाव राहूनच गेला. तीन रिक्षांत सगळा संघ कोंबला आणि सांगितलेलं भाडं दिलं. तेजू म्हणाली, "आक्का, आज पहिल्यांदाच गं!"

बिरसी हे गोंदियाजवळचं गाव. तिथं पटले काकांच्या घरी आमची सोय होती. काका स्पर्धेचे एक संयोजक, धानाचे मोठे शेतकरी. त्यांचे पूर्वज माळव्यातून आले, घरात अजून पोवारी बोलतात, आमच्याशी मात्र मराठीत. आमच्याकडं पाहुणा आला की आधी चहा आणि मग 'जेवून आलाय की जेवणार?' असा प्रश्न. इथं प्रश्नच नाही. हातपाय धुवायच्या आत पानं मांडलेली. भाताचा डोंगर, लाखोरीची डाळ आणि तळ्यातल्या ताज्या माशांचं कालवण. आमच्या गोलकीपरनं हळूच विचारलं, "भाकरी न्हाई का?"

काकूंनी कमरेवर हात ठेवले. "भाकर कायले? भात सरला का? खा न माय, लाजून कायले राहिल्या?"

सकाळी भात, दुपारी भात, सांजेला भात. दुसऱ्या दिवशी मी माझ्याजवळची कांदा-लसणाची चटणी काढली. काकूंनी बोटभर चाखली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तोंडातून शब्द नाही. मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "हे बरणी इथंच ठेवून जा." बदल्यात त्यांनी घरच्या वासाच्या तांदळाची पिशवी बांधून दिली. मी आयुष्यात इतके सौदे केले, पण दोन्ही बाजूंना आपणच जिंकलो असं वाटलेला हा पहिला.

बिरसीला विमानतळ आहे आणि तिथं वैमानिक तयार होतात. त्यामुळं दिवसभर डोक्यावर लहान लहान विमानं भिरभिरत असतात. गावातली माणसं मान वर करत नाहीत, आमच्या पोरी मात्र दर विमानाला थांबायच्या. कापणी झालेल्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, सराव चालला होता. चहूकडं धानाच्या पेंढ्यांचे पुंजणे रचलेले. गोलकीपर विमान बघत उभी राहिली आणि चेंडू थेट तिच्या नाकावर बसला. पटले काका हसत म्हणाले, "बाई, यायले सांगा, गोल जमिनीवर होत असते!"

पहिला सामना गोंदियाच्याच एका कॉलेजच्या संघाशी होता. आम्ही दीड तास आधी मैदानावर हजर. झाडूवाली झाडत होती, तिला आमचा अडथळा झाला. सामना सुरू झाला, तेजूनं चेंडूला पहिला पाय लावला आणि मला नाही म्हटलं तरी भरून आलं. तीन-शून्यानं जिंकलो. निकाल लिहून होतोय तोच फळ्यावर पुढची जोडी लागली. सेमीफायनल, तीन दिवसांनी सकाळी आठ वाजता. आम्ही विरुद्ध सालेकसा.

मी पटले काकांना विचारलं, "सालेकसा किती लांब?"

"पॅसेंजरनं तासभर. कायले जी?"

"पत्रावळी घ्यायच्यात," मी म्हणाले.

खोटं नव्हतं. लग्नाचा हंगाम तोंडावर होता आणि त्या बाजूला चांगल्या पत्रावळी होतात असं काकूंनी सांगितलं होतं. पण खरं म्हणजे मला शत्रूचा तळ बघायचा होता.

सालेकसा

मध्ये दोन दिवस मोकळे होते, पहिल्याच दिवशी तेजूला घेऊन मी निघाले. गोंदिया सोडलं की शेतं सुरू होतात, मग टेकड्या येतात आणि मग दोन्ही बाजूंनी जंगल रुळापर्यंत सरकतं. कोल्हापूरचा माणूस जंगल म्हटलं की घाटातलं ओलं, दाट रान धरतो. हे वेगळं. उंच सरळ झाडं, खाली वाळल्या पानांचा चुरा, उन्हात पिवळं झालेलं. डब्यात छत्तीसगढी ऐकू येत होती, गोंडी ऐकू येत होती, मला दोन्हींतलं काही कळत नव्हतं. शेजारच्या बाईनं काही न विचारता मूठभर भाजलेले हरभरे माझ्या ओटीत टाकले.

सालेकशापासून थोडं आत गुरुजींची शाळा. मैदान बघून तेजू थांबलीच. मैदान उतरतं होतं! एक गोल वर, एक गोल खाली, आणि खालच्या गोलामागं नाला. चेंडू जोरात मारला की नाल्यात. त्यामुळं तिथल्या पोरी चेंडू उंच मारतच नव्हत्या. पायापायाशी, जमिनीलगत, छोटे छोटे पास देत चढावर पळत होत्या.

"आक्का," तेजू कुजबुजली, "ह्या सपाट मैदानावर आल्या की काय करतील?"

"गप. आपण पत्रावळीला आलोय."

तेवढ्यात मागून आवाज आला. "तुमी गेल्या सालच्या कोल्हापूरवाल्या बाई न? लय भांडल्या होत्या. आज काऊन आल्या जी?"

मफलर तोच. मी ठरवून आले होते की गोड बोलायचं, माहिती काढायची. पण माणूस समोर उभा राहिला आणि वर्षभराचं उकळलेलं वर आलं. "काय वो गुरुजी, तीन मिनिटं! तीन मिनिटांसाठी पोरींना परत धाडलंत! लाज न्हाई वाटली?"

गुरुजींनी मफलर सारखा केला. मग म्हणाले, "हव. नियम होता, घेतला. चूक केली का बरोबर केली, मले ठाव नाही. पर माह्या पोट्ट्या आठ दिवस माह्याशी बोलल्या नाहीत."

"का?"

"त्यायले खेळाचं होतं."

मला ते पटलं नाही. मनात म्हटलं, आता काहीही सांगेल. पण मैदानावरच्या पोरी खेळ थांबवून आमच्याकडंच बघत होत्या, आणि त्यांची कर्णधार फुलवंता, काळीसावळी, सडपातळ, चेंडू काखेत धरून आलेली, तेजूला सरळ म्हणाली, "परवा वेळेवर येजो बाई. यंदा गुरुजीनं घड्याळ पाह्यलं त आम्ही नाल्यात फेकून देऊ."

फुलवंताच्याच आईकडं पत्रावळी होत्या. अंगणात चार-पाच बाया बसल्या होत्या, पुढ्यात माहुलाच्या वेलीची तळहाताहून मोठी पानं. बांबूच्या बारीक काडीनं पानाला पान टाचायचं, हात इतका भराभर चालायचा की काडी दिसायचीच नाही. मी एक पत्रावळ उचलली, उजेडात धरली, एक भोक नाही. आमच्याकडं मशीनवर दाबलेल्या येतात, रस्सा वाढला की पंगत उठायच्या आत खालची सतरंजी लाल. माल मला बघताक्षणी आवडला. पण आवडलं ते तोंडावर दाखवायचं नाही, हा धंद्याचा पहिला धडा.

भाव विचारला. फुलवंताच्या आईनं सांगितला. मी निम्मा म्हटलं. तिनं परत तोच सांगितला, रागावून नाही, जणू मला ऐकू आलं नसेल म्हणून. मी म्हटलं, "मग राहू दे," आणि उठले. कोल्हापुरात हा हमखास उपाय. दहा पावलं टाकेपर्यंत मागून 'ओ ताई, या या' अशी हाक येतेच. मी दहा पावलं गेले. हाक नाही. वीस गेले. नाही. मागं वळून बघायचं नव्हतं, म्हणून चालत चालत हापशापर्यंत पोचले. आता काय करायचं? तहान लागल्यासारखं केलं, ओंजळभर पाणी प्याले, तोंड धुतलं आणि परत आले. बाया मान खाली घालून टाचत होत्या. तेजू भिंतीकडं तोंड करून हसत होती.

"बसा न जी," फुलवंताची आई म्हणाली. "पानी गोड आहे न आमचं?"

भाव हलला नाही. पण मी रिकाम्या हातानं उठणारी बाई नव्हे. म्हटलं, "बरं, भाव तुमचा. माल मात्र मैदानावर पोचवायचा. परवा सकाळी तुमच्या पोरी सेमीफायनलला येणारच आहेत, येताना हात रिकामे कशाला आणता? एकेकीनं एकेक गठ्ठा घ्यायचा."

बायांनी एकमेकींकडं पाहिलं. इतका माल तयार नव्हता, अजून एक दिवस पानं आणून टाचावी लागणार होती. फुलवंता म्हणाली, "आणून देऊ."

"शब्द?"

"शब्द."

परतीच्या पॅसेंजरमध्ये मी खुशीत होते. वाहतूक फुकट पदरात पाडली होती. तेजूला म्हटलं, "बघितलंस? भाव जमला नाही की अटीत काढायचं असतं." तेजू खिडकीतून बाहेर बघत होती. ती म्हणाली, "आक्का, मला त्या पोरींशी खेळायचंय. कधी एकदा परवा उजाडतंय असं झालंय."

मधली रेषा

सेमीफायनलच्या सकाळी गोंदियात धुकं होतं. दात वाजावेत अशी थंडी. आमची थंडी शालीत मावते, ही हाडात शिरते. सात वाजता आमच्या पोरी मैदानावर पळत होत्या. पावणेआठ झाले, सालेकसा नाही. आठ झाले, नाही. पंच आले. हे गोंदिया शहरातले, हिंदी बोलणारे, मागच्या वर्षीचेच. त्यांनी आमच्या अकरा जणींना मधल्या रेषेवर उभं केलं. समोरची अर्धी बाजू रिकामी.

आठ-पाच. आठ-दहा. मी घड्याळ मनगटावरून काढून हातात धरलं, अगदी गुरुजींनी धरलं होतं तसं. आठ-पंधराला पंचांनी शिट्टी फुंकली. ती शिट्टी मी वर्षभर स्वप्नात ऐकली होती. ती वाजली आणि समोर ऐकायला कोणीच नव्हतं.

पंचांनी कागद पुढं केला. "मैडम, साइन कर दीजिए. आप फाइनल में."

पोरींचे चेहरे मी पाहिले नाहीत असं नाही. तेजूची मान खाली होती. पण मी तेव्हा वेगळ्याच तंद्रीत होते. पेन हातात घेतलं आणि थांबले. म्हटलं, एवढ्या लांबून आलोय, वर्षभर वाट पाहिली, सही करायची तर त्या माणसाच्या डोळ्यांदेखत. त्याला रेषेवर उभं करून. "जरा थांबा," मी पंचांना म्हणाले, "त्यांना येऊ दे."

माझ्या हातून त्या दिवशी एक चांगली गोष्ट घडली, ती अशी निव्वळ कुजकेपणातून.

आठ-बावीसला फाटकातून एक काळी-पिवळी जीप आत शिरली. टपावर माणसापेक्षा उंच गठ्ठे, दोऱ्यांनी बांधलेले, डोलत येत होते, आणि मागच्या दाराला दोघी पोरी लोंबकळत होत्या. जीप थांबली. गुरुजी उतरले. पंचांकडं गेले नाहीत. आधी टपावर चढले, पोरींच्या हातांत एकेक गठ्ठा दिला, आणि सगळ्या रांगेनं माझ्यापुढं येऊन ते गठ्ठे ठेवून गेल्या.

"तुमचा माल बाई," गुरुजी म्हणाले. "पाहून घ्या. एक रस्त्यात सुटला होता, पोट्ट्यायनं परत बांधला. म्हणून त उशीर."

"पण तुमी पॅसेंजरनं येणार होता न्हवं?"

"हव. फलाटावर होतोच. गाडी दोन मिनिटं थांबते, डब्यात पाय ठेवाले जागा नाही, वरून गठ्ठे. अर्ध्या चढल्या, अर्ध्या खालीच. मी म्हनलो, गठ्ठे टाका अन् चढा. त चढल्या होत्या त्याही खाली उतरल्या."

फुलवंता मागून म्हणाली, "बाईले शब्द देला होता."

मी गठ्ठ्याकडं बघितलं. हिरव्या पानांवर धुक्याचे थेंब होते. मी माझ्या हुशारीनं मिळवलेली ती अट माझ्याच पुढ्यात येऊन बसली होती.

गुरुजी पंचांकडं वळले. "खेळ झाला ना जी?"

"हो गया गुरुजी. सात मिनट ऊपर."

"बरं. नियम आहे." आणि खरंच ते पोरींना घेऊन जायला लागले! ना आरडा, ना ओरडा.

तिथं माझा संयम संपला. "अहो गुरुजी!" मी ओरडले. "निघालात कुठं? भांडा की! मी गेल्या वर्षी तासभर भांडले, तुमाला पाच मिनिटं भांडता येईना?"

"कायले भांडू? गेल्या साली मी घड्याळ पाह्यलो, यंदा तुमी पाहा."

"मला न्हाई बघायचं!" मी घड्याळ पिशवीत टाकलं आणि पंचांवर चालून गेले. त्यांना सांगितलं, गाडी माणसाच्या हातात नसते. सांगितलं, पोरी खेळायला आल्यात, रेल्वेचं वेळापत्रक पाठ करायला नाही. सांगितलं, सात मिनिटांनी सूर्य मावळत नाही. आवाज इतका चढला की बाहेरचा चहावाला किटली घेऊन आत आला.

पंच चष्म्यावरून बघत होते. "मैडम, पिछले साल भी आपने यही सब कहा था. एक-एक शब्द."

"मग पाठ झालं असंल तुमाला! आता तरी ऐका!"

पटले काका धावत आले. त्यांनी मार्ग काढला. ज्याचा फायदा होतोय त्या संघानं लिहून दिलं, तर सामना घेता येईल. मी त्याच कागदाच्या पाठीवर लिहिलं: 'आमचा संघ खेळायला आला आहे. सामना घ्यावा.' सही ठोकली. मान वर केली तर आमच्या पोरी आधीच टाळ्या पिटत सालेकशाच्या पोरींकडं पळाल्या होत्या.

"थांबा!" मी परत ओरडले. सगळे दचकले. "ह्या पोरी पहाटेपासून उपाशी असणार. उद्या कोणी म्हणायला नको, कोल्हापूरनं उपाशी पोरींना हरवलं." चहावाला आत आलाच होता. आमची केळी, काकूंनी बांधून दिलेले तांदळाचे वडे आणि त्याची किटली, सगळं वाटलं. फुलवंतानं वडा खाता खाता विचारलं, "बाई, पत्रावळी बऱ्या आहेत न?"

"आधी खा गं!" मी खेकसले. माझा आवाज जरा फाटला, पण थंडी होती.

सामना कसा झाला विचाराल, तर मी आयुष्यात इतकी ओरडले नाही. सालेकशाच्या पोरी सपाट मैदानावर म्हणजे उतारावर आल्यासारख्या पळत होत्या. त्यांचा चेंडू जमीन सोडेना. आमच्या पोरी उंच मारायच्या, त्या खालून चोरायच्या. फुलवंतानं पहिला गोल केला. मध्यंतरानंतर तेजूनं लांबून असा मारला की जाळं फाटतंय असं वाटलं. बरोबरी! मी कोणाला तरी मिठी मारली, बघते तर गुरुजींचा मफलर. दोघंही लगेच बाजूला झालो.

शेवटची काही मिनिटं राहिली असताना त्यांनी दुसरा गोल केला. तो ऑफसाइड होता. मी रेषा ओलांडून आत गेले आणि पंचांना तसं सांगितलं. त्यांनी मला पिवळं कार्ड दाखवलं. मॅनेजरला कार्ड दाखवतात हे मला त्या दिवशी कळलं.

शिट्टी झाली. दोन-एक. आमच्या पोरी मैदानावर आडव्या पडल्या. शेजारी सालेकशाच्या पोरी आडव्या. कोण जिंकलं आणि कोण हरलं ते लांबून सांगता आलं नसतं.

गुरुजी माझ्याजवळ आले. "बाई, गेल्या सालचं फिटलं का?"

"न्हाई," मी म्हणाले. "आणि आजचं त्यात वाढलं. तो गोल ऑफसाइड होता."

"नियम आहे जी," ते म्हणाले, आणि मी पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं. समोरचे दोन दात नव्हते.

फायनल संध्याकाळी झाली. सालेकसा तिथं हरलं, नागपूरच्या एका संघाकडून. त्या संघाशी माझं काही भांडण नाही, म्हणून त्यांच्याविषयी फार लिहिता येत नाही. आमच्या पोरी घसा बसेपर्यंत 'फुलवंता, फुलवंता' ओरडत होत्या.

घरी

पत्रावळींचे गठ्ठे आम्ही गाडीत मांडीवर घेऊन आणले. एक पान फाटू दिलं नाही. कोल्हापुरातल्या पहिल्या लग्नात त्यांवर तांबडा रस्सा वाढला, पंगत उठेपर्यंत सतरंजी कोरडी. यजमानांनी विचारलं, कुठून आणल्या? मी सांगितलं नाही. धंद्याचा दुसरा धडा.

पण ते नंतर. स्टेशनावरून गठ्ठे घेऊन आम्ही पेठेत शिरलो, तेव्हा तालमीच्या कट्ट्यावर सगळे बसलेच होते. त्यांतला एक मोठ्यानं म्हणाला, "या, या! काय झालं दर्शन मंडळाचं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तेजू पुढं झाली. डोक्यावर गठ्ठा, गुडघ्याला खपली, मान ताठ.

"हरलो!" ती सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशी म्हणाली. "दोन-एक. सेमीफायनलला. पूर्ण वेळ खेळून हरलो."

मागून बाकीच्या पोरीही ओरडायला लागल्या, "हरलो! हरलो!" जणू मिरवणूक निघाली होती.

मी फक्त एवढंच जोडलं, की तो दुसरा गोल ऑफसाइड होता.